भाताखालचं अंडं

रोवणीचा तिसरा दिवस. दुपारच्या आधी रंभानं कंबर सरळ केली, आणि पुन्हा वाकवलीच नाही. हातातली पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची पेंढी तिनं धुऱ्यावर ठेवली, खोचलेला पदर सोडला आणि बांधीतल्या चिखलातून पाय उपसत ती बाहेर आली. बाकीच्या दहा-अकरा बाया तशाच वाकलेल्या होत्या. युरियाच्या पोत्यांच्या खोळी पाठीवर, त्यावर पावसाची टपटप, आणि खाली हात चाललेले. पण रोवणीतल्या बाईला पाठीलाही डोळे असतात.

"काऊन वं रंभा? बसली का?" एकीनं न बघताच विचारलं.

"हाव," रंभा म्हणाली.

"आजच बसाचं होतं का बाई तुले? अर्धी बांधी बाकी हाय."

बायांच्या रांगेच्या पार शेवटी तिची सासू बायनाबाई रोवत होती. तिनं मान वर केली, सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. एवढंच.

बायनाबाई नुसती सासू नव्हती, रंभाच्या बापाची सख्खी बहीण होती. आत्याच्या घरी भाची सून म्हणून यायची, ही त्यांच्यातली जुनी रीत. त्यामुळे रंभा तिला आत्याच म्हणायची. आत्या मायेची असते असं लोक म्हणतात. या आत्याची माया कुठल्या गाडग्यात झाकून ठेवलेली होती ते रंभाला नऊ वर्षांत सापडलं नव्हतं. कमी बोलायची, सगळं बघायची. आणि कुर्म्याच्या बाबतीत तर अख्ख्या टोल्यात, त्या वस्तीत, तिच्याइतकी कडक बाई नव्हती. एकदा एक नवी सून चौथ्याच दिवशी आंघोळ करून घरी आली, तर तिला हिनं भर पावसात परत पाठवलं होतं.

गावाच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली कुर्माघर होतं. पाळी आली की बाईनं पाच दिवस तिथं राहायचं. घराचा उंबरा, चूल, बियाणं, पऱ्हे, देवाची वाट, कशालाच शिवायचं नाही. सहाव्या दिवशी नाल्यावर डोक्यावरून आंघोळ करून घरात यायचं. टोल्यातली झाडून सगळी बायामाणसं या वाटेनं जात, त्यामुळे कोण कधी बसली, कोण कधी उठली आणि कोण या महिन्यात बसलीच नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ.

आणि रंभाची पंचाईत नेमकी इथंच होती. तिला काहीही आलेलं नव्हतं. एप्रिलपासून आलं नव्हतं. ती कोरडीच जाऊन बसत होती, आणि ही तिची तिसरी खेप होती.

कुर्माघरात दिव्या आधीच बसलेली होती. बारावी झालेली, शेजारच्या घरातली पोरगी, हातात मोबाइल आणि मोबाइलला रेंज नाही. रंभाला बघून तिला बरं वाटलं.

"आल्या का वयनी? कालपासून एकटीच हावो. छपरातून पाणी गळते पाहा, तिकडं नका बसू."

रंभानं ओल्या भिंतीपासून दूर गोणपाट पसरलं आणि पाय लांब केले. तीन दिवसांच्या चिखलानं बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या, लालभडक. पाठीचा कणा वेगळाच काढून ठेवावा असं वाटत होतं. आडवं पडल्यावर तिला आधी सुख वाटलं, आणि मग लगेच लाज. बाहेर सगळ्या बाया वाकलेल्या, आत्या साठीची वाकलेली, आणि आपण धडधाकट इथं पडलेलो.

पण धडधाकट तरी कुठं होती ती! रक्तात सिकल, म्हणजे सिकलसेलचा आजार, तो लहानपणापासूनच. हिवाळ्यात सांधे धरायचे. पहिली पिंकी झाली तेव्हा निभावलं. मधलं एक पोटातच गेलं. आणि धाकटीच्या वेळी, अडीच वर्षांपूर्वी, अशाच पावसात तिला खाटेवर घालून चार माणसांनी नाला ओलांडला होता. रक्त थांबेना. गडचिरोलीच्या दवाखान्यात तीन बाटल्या चढवल्या तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. डॉक्टरीणबाईनं पलंगावर बसून, हात हातात घेऊन सांगितलं होतं, "बाई, तू वाचलीस. पण पुन्हा पोट राहिलं तर मी काही सांगू शकत नाही."

ते वाक्य रंभा विसरली नव्हती. विसरला होता तो तिचा नवरा, लालसू. म्हणजे वाईट माणूस नव्हे. दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा, गावोगाव चिखलणी करायचा, दारू प्यायला तरी हात उचलत नव्हता. पण धाकटी चालायला लागली तसा म्हणायला लागला, "एक पोरगा होऊन जाऊ दे. मंग कर तुले काय कराचं ते ऑपरेशन." ऑपरेशनला ती त्याआधीच दोनदा शिबिरात जाऊन आली होती, माहेरी जाते सांगून. दोन्ही वेळा बोटातून रक्त काढलं आणि परत पाठवलं. रक्त कमी आहे, एवढ्यात चाकू लावता येत नाही. म्हणजे पोट राहिलं तर जीव जाईल इतकं रक्त कमी, आणि पोट राहू नये म्हणून काही करावं तरी रक्त कमीच. आता यावर माणसानं हसावं की रडावं!

मग आशाताई, म्हणजे गावातलीच नूतन, तिनं सुईचं सांगितलं. तीन महिन्यांनी एक सुई, दंडावर. सिकलवालीला चालते. रक्त जात नाही, उलट वाचतं. आणि कोणाला दाखवायचं काही नाही, अंगात काही बसवायचं नाही. पहिली जानेवारीत, बाजाराच्या दिवशी, नाल्यापलीकडच्या दवाखान्यात घेतली. एप्रिलमध्ये दोन खेपा फुकट गेल्या. एकदा औषध संपलेलं, एकदा तिथल्या एका बाईनं विचारलं, "नवऱ्याला का नाही आणलं?" तिसऱ्या खेपेला मिळाली. कार्ड नूतनच्याच पेटीत ठेवलेलं.

नूतननं सगळं नीट सांगितलं होतं. चक्कर येईल, भूक लागेल, पाळी मागंपुढं होईल, कदाचित बंदच होईल, त्याला भ्यायचं नाही. रंभा त्याला भ्यालीच नाही. ती भ्याली कुर्माघराला. कारण मे महिन्यात ती बसली नाही तशी चौथ्याच दिवशी नळावर एकीनं तिच्या पोटाकडे बघून विचारलं, "काय वं, गोड बातमी हाय का?" लालसूच्या कानावर गेलं तर तो आनंदानं नाचेल, आणि दोन महिन्यांनी पोट दिसलं नाही तर मग काय सांगायचं? रंभा त्याच दिवशी संध्याकाळी उठली आणि कुर्म्यात जाऊन बसली. तेव्हापासून दर महिन्याला पाच दिवस हे सोंग चाललं होतं.

"वयनी," दिव्या हळूच म्हणाली, "एक बोलू? रागावणार नाई ना?"

"बोल ना."

"तुमचं कापड मागच्या महिन्यात बी कोरंच होतं. दोरीवर घातलं होतं ना तुमी, तवा पायलं मी."

खोटं बोलायला रंभानं तोंड उघडलं. दिव्यानंच हात झटकला. "मी कोणाले कायले सांगू? मले शाळेत शिकवलं हाय ते सुईचं. माह्यं एक कापड तुमच्या बाजूनं वाळत घालू का? डाग काई धुतल्यानं जात नाई त्याचा."

रंभाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. सतरा-अठरा वर्षांची पोर, आणि तिनं आपल्या डागाचं कापड उसनं दिलं होतं.

दुपारी आत्या भात घेऊन आली. कुर्माघरापासून दहा पावलांवर एक सपाट दगड होता. आणणारीनं पळसाच्या पानांचा द्रोण त्यावर ठेवायचा, मागं सरायचं, मग बसलेलीनं उचलायचा. आत्यानं दोन द्रोण ठेवले, वर पान झाकलेलं. दिव्याच्या घरचाही तीच घेऊन आली होती. दोरीकडे तिची नजर गेली, थांबली, पुढं सरकली. "धाकटी बरी हाय. पिंकी शाळेत गेली," एवढं बोलून ती बांधीकडे वळली. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चालताना उजवा पाय जरा ओढत होती.

रंभानं भात खाल्ला. भाताखाली, नेहमीसारखंच, उकडलेलं अंडं निघालं.

हे अंडं मे महिन्यापासून निघत होतं, रोज नाही, पण पाच दिवसांत दोनदा-तीनदा. आत्या अंडी मोजून ठेवायची, कोंबडीखाली रवणीवर बसवायला. त्यातलं एकही कमी झालं तर घर डोक्यावर घ्यायची. म्हणजे हे काम लालसूचंच. चोरून उचलतो, उकडतो आणि भाताखाली लपवतो. रंभाला दर वेळी भरून यायचं, आणि दर वेळी तेच अंडं घशात अडकायचं. आपला माणूस आपल्यासाठी चोरी करतो, आणि आपण त्याच्यापासूनच एवढं मोठं लपवतो.

खरी अडचण तारखेची होती. तिसरी सुई चार जुलैला ठरलेली. चार आठवडे उशीर चालतो, त्यापुढं नाही, म्हणजे एक ऑगस्टपर्यंत. चार जुलैच्या आसपास नाला भरला तो भरलाच. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली, बस बंद. लसीकरणाची सिस्टर दर महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी गावातल्या अंगणवाडीत येते, ती सोबत आणेल असं नूतननं कळवलं होतं. रंभानं हिशेब मनात नीट बसवला: मंगळवारी एकवीसला सुई घ्यायची, सोमवारी सत्तावीसला कुर्म्यात बसायचं. सगळं बेतशीर. आणि त्या मंगळवारी आभाळ फाटलं. सिस्टर आलीच नाही. आता ती पुढच्या महिन्यातच येणार असं सगळे म्हणाले. रंभा ठरल्याप्रमाणे सत्तावीसला येऊन बसली. शनिवारी, एक तारखेला उठायचं, नाला कमरेएवढा असला तरी ओलांडायचा आणि दवाखाना गाठायचा, असं तिनं पक्कं केलं होतं.

आणि गुरुवारी सकाळी नूतनचा आवाज आला.

"लेकरं घेऊन चला वं, सिस्टर आल्या! पोलिओ, गोवर, सगळं हाय! दोन वाजेपर्यंतच हायेत!"

रंभा ताडकन उठून दाराशी आली. वाटेवरून छत्री घेऊन नूतन चालली होती, तिच्या मागं लसीचा डबा खांद्याला लावलेली साधना सिस्टर. भद्रावतीकडची बाई, नव्यानं बदलून आलेली. डोंग्यात बसून नाला ओलांडून आली होती, सलवार मांडीपर्यंत ओली.

सिस्टर पुढं गेली तशी रंभानं नूतनला दबक्या आवाजात हाक मारली. नूतन आली, दगडापाशी थांबली, आणि तिला तिथं बघून कपाळाला हात लावला.

"तू बसली काऊन आज? मी तुले आंगणवाडीत शोधून राह्यली! सुईची एक बाटली राखून आणली त्यायनं तुह्यासाठी, एकच होती."

"मले का मालूम त्या येतीन म्हणून? ताई, सिस्टरले इथी आणता का?"

"इथी? चौकात पंचातला भैयाजी बसला हाय, पोलीस पाटलाची मंडळी बसली हाय. सिस्टर कुर्म्यात काऊन गेली म्हणून इचारतीन. मी का सांगू? तुह्यं फुटलं त सुईवाल्या बाकी चौघींचं बी फुटते. मंग कोणीच नाई येणार माह्याकडं." नूतनही घाबरलेली होती. "तूच ये ना. मागच्या वाटेनं."

मागची वाट देवाच्या मांडवावरून जात होती, आणि अंगणवाडी मांडवाच्या समोर. कुर्म्यातली बाई तिथून गेली तर गाव गोळा झाला असता. आणि मला काही आलेलंच नाही, मी शुद्धच आहे, असं सांगावं, तर तीन महिने गावाला फसवलं म्हणून त्याहून मोठा गलका. रंभानं स्वतःच्या हातानं दाराला कडी घातली होती आणि स्वतःच आत अडकली होती.

"पाणी वाढाच्या आधी डोंगा जाते परत," नूतन म्हणाली. "काई तरी कर बाई." आणि ती लगबगीनं गेली, कारण वाटेवर कोणीतरी येत होतं.

येत होती ती आत्या. हातात द्रोण. ऐकलं होतं की नाही कळायला मार्ग नव्हता. तिचा चेहरा नेहमीसारखाच, बंद. द्रोण दगडावर ठेवून ती मागं सरली, पण गेली नाही.

"नूतन का म्हणत होती?"

"काई नाई. लेकरायचं सांगत होती."

"धाकटीची लस झाली मागंच." आत्यानं दोरीकडे पाहिलं. दोरीवर रंभाच्या बाजूला दिव्याचं डागाचं कापड फडफडत होतं. "ते दिव्याचं कापड हाय. काठ निळा हाय त्याचा."

दाराची चौकट रंभानं धरून ठेवली. आता आत्या ओरडेल, आता लालसूला बोलावेल, आता माझ्या बापाला निरोप जाईल. काय काय तिच्या डोक्यात येऊन गेलं. आत्या मात्र वळली आणि चालायला लागली. चौकाच्या दिशेनं.

"आत्या!" रंभानं हाक मारली. आत्या थांबली नाही.

द्रोण दगडावर तसाच राहिला. दिव्या म्हणाली, "खाऊन घ्या वयनी," पण रंभाला भात दिसतच नव्हता. तिला ती खाट दिसत होती, चार माणसांच्या खांद्यावरची, आणि खाली मातकट पाणी. दिव्याच्या मोबाइलमध्ये बारा वाजले, साडेबारा वाजले. पाऊस वाढला, कमी झाला. एक वाजला. तासाभरानं डोंगा परत जाणार होता. रंभा गोणपाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि तिनं मनाची तयारी केली: हाकलून दिलं तर पोरी घेऊन माहेरी जायचं. फक्त पोट राहू द्यायचं नाही. दोन पोरींना आई पाहिजे.

मग दारात छत्री दिसली. छत्रीखाली साधना सिस्टर, तिच्या मागं नूतन, आणि सगळ्यांत मागं, डोक्यावर खोळ घेतलेली आत्या. आत्या दगडापाशी थांबली आणि त्यांच्याकडे पाठ करून, वाटेकडे तोंड करून उभी राहिली.

"कुठाय ताप आलेली बाई?" सिस्टर मोठ्यानं म्हणाली, आणि आत शिरल्यावर हळू आवाजात हसली. "तुमच्या सासूबाई फार पोचलेल्या आहेत हो."

नूतनला सांगितल्याशिवाय राहवेना. "अवं, भर आंगणवाडीत आल्या नं! चौकातून ओरडतच आल्या: 'माह्या भावाची पोरगी कुर्म्यात तापानं फणफणली हाय, सिकलची हाय, मेली बिली त माह्या भावाले कोन तोंड दाखवते?' भैयाजी म्हणे, 'बायनाबाई, कुर्म्यात बाहेरच्या बाईले कसं नेतेस?' त या का म्हणते, 'शिकलेल्या बाईले इटाळ लागत नाई. लागला त मी नाल्यावर नेऊन धुवून आणतो तिले.' मंग कोन बोलते?"

सिस्टरनं कार्ड बघितलं, तारीख बघितली, बोटांवर मोजलं. "दोन दिवस उरले होते ग तुझे. पुढल्या वेळी आधीच सांग, मी घरी येऊन देईन. ताप तपासायला." डबा उघडला, लहानशी बाटली हलवली. दंड पुसला. सुई गेली तेव्हा रंभाला दुखलंच नाही, किंवा दुखलं असेल, तिला कळलं नाही. "चोळू नको तिथं. आणि हे बघ, नवऱ्याची सही, नवऱ्याची परवानगी, असलं काही लागत नाही. कोणी विचारलं तर माझं नाव सांग." लोहाच्या गोळ्यांची पाकिटं तिनं गोणपाटावर ठेवली, दिव्यालाही दिली. रंभानं सिस्टरचे दोन्ही हात धरले. सिस्टरचे हात गार होते, नाल्याच्या पाण्यानं.

दोघी गेल्या. आत्या तशीच उभी. मग ती दगडाच्या बाजूला एका मुळीवर टेकली आणि दुखरा पाय तिनं दोन्ही हातांनी उचलून लांब केला.

"आत्या," रंभा दारातूनच म्हणाली, "तुमाले कसं समजलं?"

आत्यानं आधी वाटेकडे पाहून घेतलं. दिव्या शहाणी पोर. ती तोंड भिंतीकडे करून झोपल्याचं सोंग घेऊन पडली.

"मले पाच झाले. तीन राह्यले. पाचव्याच्या वेळी मी मेलीच होती, तुह्या बापाले इचार. तवा कोठची सुई आन् कोठची सिस्टर. तुह्या सासऱ्याले सांगून पायलं. तो का आयकते? माणूस होता." तिच्या खोळीवरून पाणी निथळत होतं. "मंग मी महिन्यातून दोन दोन खेपा बसाले लागली इथी. एक खरी, एक खोटी. जे दिवस धोक्याचे असते म्हणून जुन्या बाया सांगे, तेच दिवस धरून बसत होती. कुर्म्यातल्या बाईले नवरा शिवत नाई. कोणाच्या बापाची हिंमत नाई. सहा-सात वर्सं काढली तशी. पुना पोट नाई राह्यलं."

टोल्यातली सगळ्यांत कडक बाई, जिनं चौथ्या दिवशी आलेल्या सुनेला परत पाठवलं होतं! आत्ता रंभाला वाटलं, त्या नव्या सुनेच्या चेहऱ्यावर तेव्हा दुःखापेक्षा सुटकाच जास्त होती.

"आन् कोणाले समजलं नाई?"

"माह्या सासूले समजलं होतं."

"का म्हणाल्या मंग त्या?"

"काईच नाई म्हणाली. कधीच नाई. मरेपर्यंत नाई." आत्यानं नाक पुसलं. "पर खोटी बसली का माह्या भाताखाली अंडं निंगे. खरी बसली त नाई निंगे. खोटी बसली का निंगे. तवा मले समजलं का तिले समजलं हाय."

मोहाच्या पानांवरून पाणी टपकत होतं. रंभाला एकदम लालसू आठवला, आणि त्याला कोंबड्यांच्या खुराड्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही धड माहीत नाही हे आठवलं. तिनं दगडावरच्या झाकलेल्या द्रोणाकडे पाहिलं. आत्यानं तिकडे पाहिलं नाही. ती मुळीला धरून उठली होती.

"पुढच्या महिन्यात पोळा हाय," आत्या म्हणाली. "पोळ्याच्या आधी बसून घेजो, सणाले घरी पायजे तू. आन् रोवणीच्या दिवसांत पाचच्या पाच दिवस कायले बसतेस? चार दिवसांत उठत जा, मी पायतो कोन का म्हणते त." दोन पावलं चालून ती थांबली. "सिकलच्या बाईनं थंडा भात खाऊ नाई. खाय लौकर. माह्या बांधी पडल्या हायेत."

आणि ती पाय ओढत, खोळ सावरत धुऱ्यावरून गेली. रंभाला तिच्या मागं धावत जाऊन तिचे ते चिखलाचे पाय धरावेसे वाटले. पण त्या दगडाच्या पुढं पाऊल टाकता येत नव्हतं, आणि टाकलं असतं तर आत्यानंच आधी ओरडून परत पाठवलं असतं. म्हणून तिनं दारातच उभं राहून हात जोडले, आत्या बांधीत उतरून बायांच्या रांगेत वाकेपर्यंत.

मग तिनं द्रोण उचलून आत आणला. पान बाजूला केलं, बोटांनी भात उकरला. खाली दोन अंडी होती.

दिव्या उठून बसली. "लालसूदादानं पाठवले का हो?"

"नाई," रंभा म्हणाली. "आत्यानं." एक अंडं तिनं दिव्याच्या हातावर ठेवलं, दुसरं स्वतः सोललं, आणि थंड भाताबरोबर सावकाश, एक कणही न सांडता खाल्लं.